शब्दांच्या माळ्यावर

लंडनला जाऊन आलेली माणसं काय सांगतात, ते तुम्हांला पाठ असेल. राजवाडा, मोठं घड्याळ, मधोमध उघडणारा पूल आणि मेणाचे पुतळे. मीसुद्धा ते सगळं पाहिलं. पण आज मी तुम्हांला तिकडे नेणार नाही. आपण जाणार आहोत एका बोळात, एका जुन्या विटांच्या घराच्या माळ्यावर. तिथं कोणी राजाराणी राहत नव्हते. तिथं सहा कारकून आणि एक डोळा अधू असलेले एक गृहस्थ मिळून शब्द गोळा करत होते.

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत ताईनं मला लंडनला बोलावलं. मी कोकणातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. चौथीपर्यंतच्या मुलांना इंग्रजीही शिकवते. पण खरं सांगू? विमानतळावर त्या अधिकाऱ्यानं दोन प्रश्न विचारले, तर माझ्या तोंडाला कोरड पडली. ताईच्या घरी तर आणखीनच पंचाईत. माझी अकरा वर्षांची भाची तिथंच जन्मलेली. तिला मराठी कळतं, पण ती बोलत नाही. मी दुकानात इंग्रजीत काही मागू लागले की ती हळूच दोन पावलं मागं सरायची. तिचा दोष नाही. मीही तिच्या वयाची असताना आजीला बाजारात मोठ्यानं मालवणीत बोलताना ऐकून अशीच मागं सरत असे.

एके दिवशी ताई म्हणाली, ‘‘तुला शब्दांची आवड आहे ना? मग हिला घेऊन डॉक्टर जॉन्सनच्या घरी जाऊन ये.’’ भाचीनं तोंड वाकडं केलं, पण निघाली.

फ्लीट स्ट्रीट हा लंडनमधला जुना रस्ता. एके काळी इथं वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या आणि छापखाने होते. १९८० नंतर ते एकेक करून दुसरीकडे गेले. रस्त्यावर उभं राहिलं की लांबवर सेंट पॉल चर्चचा घुमट दिसतो. या रस्त्याच्या एका बाजूला बोळ आहेत. इतके अरुंद, की समोरून माणूस आला तर अंग चोरावं लागतं. अशाच एका बोळातून वळत वळत आपण एका फरसबंदी चौकात येतो. या चौकाचं नाव इंग्रजीत लिहिताना जी, ओ, यू, जी, एच अशी पाच अक्षरं लागतात आणि म्हणायचं मात्र ‘गॉफ’! मी ‘गौघ’ म्हटलं. भाची हसली. ‘‘मग एफ कुठाय यात?’’ मी विचारलं. तिनं पाटीकडे पुन्हा पाहिलं आणि ती गप्प झाली. तिच्या हे कधी ध्यानातच आलं नव्हतं.

गॉफ स्क्वेअर, घर क्रमांक १७. सुमारे १७०० साली बांधलेलं, चार मजली, उंच खिडक्यांचं. सॅम्युअल जॉन्सन इथं १७४८ ते १७५९ या काळात भाड्यानं राहत होते. पुढं घराची पार दैना झाली, तेव्हा सेसिल हार्म्सवर्थ नावाच्या गृहस्थांनी १९११ मध्ये ते विकत घेऊन दुरुस्त केलं आणि १९१४ पासून ते सर्वांना पाहता येऊ लागलं. दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यांत छपराचं नुकसान झालं, तरी घर वाचलं.

आत शिरताच दार नीट बघा. आतून एक जाडजूड साखळी आहे आणि ती अडकवायचा आकडा पिळाचा आहे, म्हणजे बाहेरून काठी घालून ती उचकटता येऊ नये. दारावरच्या झरोक्याला काटेरी लोखंडी पट्टी आहे. ती कशाला, ठाऊक आहे? त्या काळी चोर लहान मुलांना अशा झरोक्यातून आत सोडत आणि दार उघडायला लावत. आमची भाची त्या झरोक्याकडे बराच वेळ बघत राहिली. आपण त्यातून मावू का, याचा अंदाज घेत असावी.

आता हे जॉन्सन कोण? त्यांचा जन्म १७०९ सालचा, लिचफील्ड नावाच्या गावातला. वडील पुस्तकविक्रेते. तान्हेपणीच आजार जडला, त्यात एका डोळ्याची नजर जवळजवळ गेली, कानही मंद झाले. बुद्धी मात्र तल्लख. ऑक्सफर्डला शिकायला गेले, पण पैसे संपले म्हणून सुमारे वर्षभरातच परतावं लागलं. तिथं असताना त्यांचे जोडे फाटलेले पाहून कोणीतरी गुपचूप दारात नवे जोडे ठेवले, तर यांनी रागानं ते फेकून दिले! मग त्यांनी एक शाळा काढली. ती वर्षा-दोन वर्षांत बंद पडली. विद्यार्थीच मोजके मिळाले. मी शिक्षिका आहे ना, म्हणून हे वाचताना मला कसंतरीच झालं. आमच्याही शाळेचा पट दरवर्षी घटतो आहे.

शाळा बंद पडली तेव्हा जॉन्सन आपल्या एका विद्यार्थ्याला बरोबर घेऊन लंडनला निघाले. साल १७३७. दोघांत मिळून घोडा एकच, असं सांगतात. एकानं काही अंतर घोड्यावर जायचं, घोडा बांधून पुढं चालू लागायचं. मागून आलेल्यानं घोडा सोडून त्यावर बसायचं. तो विद्यार्थी म्हणजे डेव्हिड गॅरिक. तो पुढं लंडनचा सगळ्यांत नावाजलेला नट झाला. बघा, बंद पडलेल्या शाळेचा विद्यार्थी!

१७४६ मध्ये लंडनच्या काही पुस्तकविक्रेत्यांनी एकत्र येऊन जॉन्सन यांच्याशी करार केला. इंग्रजीचा मोठा शब्दकोश करून द्यायचा आणि त्याबद्दल १,५०० गिनी घ्यायच्या. गिनी म्हणजे एकवीस शिलिंगांचं नाणं. या रकमेतूनच कारकुनांचे पगार, कागद, शाई, सगळं भागवायचं. फ्रान्समध्ये असा कोश करायला चाळीस पंडितांची सभा होती आणि त्यांना कित्येक वर्षं लागली होती. जॉन्सन म्हणाले, मी तीन वर्षांत करतो. लागली सुमारे नऊ!

जिना चढून गेलं की पहिल्या मजल्यावर एक गंमत आहे. खोल्यांमधल्या लाकडी भिंती दारासारख्या फिरतात. फिरवल्या की खोल्यांचं एक दालन होतं. पण आपल्याला थेट वर जायचंय. जिना कुरकुरत होता. माळ्यावर पोचले तेव्हा माझा श्वास फुलला होता.

लांबलचक, उजेडाची खोली. याच माळ्यावर सहा मदतनीस काम करत. त्यांतले पाच स्कॉटलंडचे. कामाची रीत ऐका. जॉन्सन पुस्तकं वाचत. एखादा शब्द चांगला वापरलेला दिसला की त्याच्याखाली शिसपेन्सिलीनं रेघ मारत आणि समासात त्या शब्दाचं पहिलं अक्षर लिहीत. मदतनीस ते वाक्य कागदाच्या चिठ्ठीवर उतरून घेत. मग चिठ्ठ्या अक्षरवार लावायच्या. आधी त्यांनी हे वह्यांत करून पाहिलं होतं. पण वहीत एका शब्दासाठी चार ओळी सोडाव्यात आणि वाक्यं निघावीत चाळीस! सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. लोकांकडून उसनी आणलेली पुस्तकं मात्र रेघोट्या आणि डागांनी भरून परत जात. तुम्ही वाचनालयाच्या पुस्तकावर रेघा मारू नका हं. त्यासाठी आधी जॉन्सन व्हावं लागतं.

त्या वर्षांत या घरानं दुःखही पाहिलं. १७५२ मध्ये जॉन्सन यांची पत्नी वारली. मदतनिसांपैकी स्टुअर्ट आणि शील्स हे दोघं कोश छापलेला पाहायला उरलेच नाहीत. पत्नी गेल्यानंतर थोड्याच दिवसांत या घरात दहा वर्षांच्या आसपासचा एक मुलगा राहायला आला. फ्रान्सिस बार्बर. जमैका बेटावर गुलाम म्हणून जन्मलेला. जॉन्सन यांना गुलामगिरीची चीड होती. पुढं त्यांनी या मुलाला स्वतःच्या खर्चानं शाळेत घातलं आणि १७८४ मध्ये मरताना आपली बहुतेक मालमत्ता त्याच्याच नावे ठेवली. आणि हा फ्रान्सिस बार्बर उतारवयात काय करत होता, माहीत आहे? लिचफील्डजवळच्या एका खेड्यात लहानशी शाळा चालवत होता.

कोश निघाला १५ एप्रिल १७५५ रोजी. दोन जाडे खंड, शब्द ४२,७७३ आणि किंमत चार पौंड दहा शिलिंग. त्या काळी साध्या माणसाला न परवडणारी. एवढं करून पुढच्याच वर्षी जॉन्सन यांना जेमतेम सहा पौंडांच्या कर्जापायी अटक झाली. एका लेखकमित्रानं पैसे पाठवले म्हणून सुटका झाली.

माळ्यावर त्या कोशाची जशीच्या तशी छापलेली प्रत ठेवलेली आहे. हात लावला तर चालतं! भाचीनं पहिलं पान उघडलं, आणि अहो, मजा सुरू झाली. आज इंग्रजी माणसंही विसरून गेलेत असले एकेक शब्द त्यात आहेत.

तिनं एक वाचला: ‘बेलीगॉड’. बेली म्हणजे पोट, गॉड म्हणजे देव. पोटालाच देव मानणारा, म्हणजे खादाड. मी म्हटलं, ‘‘अगं, हा तर आपला पोटोबा! आधी पोटोबा, मग विठोबा.’’ तिला ते इतकं आवडलं, की ती माळ्यावर ‘पोटोबा, पोटोबा’ करत फिरू लागली. अकरा वर्षांत तिच्या तोंडून मी ऐकलेला हा पहिला मनापासूनचा मराठी शब्द.

मग आमचा खेळच सुरू झाला. ती इंग्रजी शब्द आणि त्याचा अर्थ वाचणार, मी मराठी शब्द शोधणार. ‘बेडप्रेसर’ म्हणजे दिवसभर अंथरूण दाबून ठेवणारा जाड्या आळशी. आपला लोळ्या. ‘टंगपॅड’, खूप बोलणारा. आपला बोलघेवडा. ‘स्मेलफीस्ट’, म्हणजे जेवणावळीचा वास काढत न बोलावता हजर होणारा. आगंतुक, नाही तर ऐतखाऊ. ‘पिकथँक’, म्हणजे कोणी न सांगता पुढं पुढं करून, मोठ्यांच्या कानाला लागून शाबासकी मिळवणारा. चोंबडा! असा एक तरी प्रत्येक वर्गात असतो. तुमच्याही वर्गातला तुमच्या डोळ्यांसमोर आला असेल. ‘माउथफ्रेंड’ म्हणजे तोंडदेखला मित्र. ‘बॅकफ्रेंड’ त्याहून वाईट, मित्र म्हणवून पाठीमागं वैर करणारा. आपण म्हणतो अस्तनीतला निखारा. ‘फॉपडूडल’ म्हणजे कवडीमोल मूर्ख. ‘जॉबरनॉल’ म्हणजे मठ्ठ डोक्याचा. ‘स्लबरडिगलियन’ म्हणजे घाणेरडा, क्षुद्र, केविलवाणा असा सगळा मिळून एकच. तो उच्चारताना माझी जीभ तीनदा अडखळली. भाचीचीही दोनदा अडखळली, म्हणून मला बरं वाटलं.

‘ग्रबल’ म्हणजे अंधारात हातानं शोधणं. आपलं चाचपडणं. लाइट गेली की आपण काडेपेटी कशी शोधतो, तसं. ‘मॅफल’ म्हणजे बोलताना अडखळणं. ‘‘म्हणजे मी इंग्रजी बोलते तसं,’’ मी म्हटलं. भाची काही बोलली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, ‘‘अँड मी मराठी.’’

एक शब्द मात्र मला हरवून गेला. ‘किसिंगक्रस्ट’. भट्टीत दोन पाव शेजारी शेजारी भाजायला ठेवले की फुगून एकमेकांना चिकटतात. त्या चिकटलेल्या जागेला हा शब्द! पाव एकमेकांची पापी घेतात म्हणे. आपल्याकडे लादीपाव मिळतो. एक पाव तोडला की बाजूला जी मऊ, पांढरी, दोरे सुटल्यासारखी कड दिसते ना, तीच ही. रोज हातात येते, पण तिला मराठीत काय म्हणतात? मी खूप चाचपडले, सॉरी, ग्रबल केलं. पण सापडला नाही.

जॉन्सन नुसते पंडित नव्हते, खट्याळही होते. ओट या धान्याचा अर्थ देताना त्यांनी चिमटा काढलाय, की इंग्लंडात हे घोडे खातात आणि स्कॉटलंडात माणसं. आणि माळ्यावर पाच स्कॉटिश माणसं बसलेली! कोशकार या शब्दापाशी त्यांनी स्वतःलाच निरुपद्रवी हमाल ठरवलं आहे. एक्स या अक्षराखाली एकही शब्द नाही. त्यानं सुरू होणारा शब्द इंग्रजीत नाहीच, असं सांगून ते मोकळे झाले. एका शब्दाखाली तर सरळ कबुली आहे, याचा अर्थ मला ठाऊक नाही. शब्दकोशात! घोड्याच्या पायाच्या एका भागाला त्यांनी चुकून गुडघा म्हटलं होतं. एका बाईंनी विचारलं, असं का लिहिलंत? त्यांनी सांगितलं, अज्ञानामुळे. वर्गात असं उत्तर द्यायला किती धीर लागतो, हे मला विचारा.

भाचीनं जी अक्षर काढलं आणि एका पानावर थांबली. गोल्डफिंच नावाचा एक छोटा रंगीत पक्षी आहे, त्याची नोंद होती. अर्थ दिल्यावर जॉन्सन यांनी पुढं लिहिलंय, की स्टॅफर्डशर भागात याला ‘प्राउड टेलर’, म्हणजे गर्विष्ठ शिंपी, असं म्हणतात. स्टॅफर्डशर कुठला? त्यांचं लिचफील्ड गाव ज्या परगण्यात, तोच. राजधानीत बसून साऱ्या इंग्रजीचा कोश करताना त्यांनी आपल्या गावाकडच्या पाखराचं नाव त्यात घालून टाकलं होतं.

मी तिथल्या खिडकीशी बसले. मला एक वही आठवत होती.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. चौथीच्या मुलांना मी ‘माझा रविवार’ हा निबंध दिला होता. एका मुलानं लिहिलं, मी आईबरोबर पातेरा गोळा करायला गेलो. पातेरा म्हणजे झाडांखाली पडलेली वाळकी पानं. आमच्याकडे भातशेतीच्या भाजावळीसाठी ती गोळा करतात. मी लाल शाईनं तो शब्द खोडला आणि वर लिहिलं, ‘पालापाचोळा’. त्याच निबंधात त्याचा ‘व्हाळ’ खोडून मी ‘ओढा’ केला, ‘मांगर’ खोडून ‘शेतातले घर’ केलं. त्यानं वही उघडून पाहिली आणि हळूच विचारलं, ‘‘बाई, मगे माझी आवस चुकीचा बोलता?’’ म्हणजे, माझी आई चुकीचं बोलते का? मला काहीच सुचलं नाही. ‘‘पुस्तकात असतं तसं लिहावं,’’ एवढं मी म्हटलं. नंतरच्या निबंधांत त्यानं पुस्तकातलेच शब्द लिहिले. त्याचे निबंध चार-पाच ओळींत संपू लागले.

खरं तर आपल्या मराठीचा मोठा कोश करणारे मोल्सवर्थही इंग्रजच. कँडी बंधूंच्या मदतीनं त्यांनी तो १८३१ मध्ये काढला, सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये मुंबईला निघाली. त्यात कोकणातले शब्द तसे खूण करून घेतलेले आहेत. खोडलेले नाहीत. तो कोश आमच्या डी.एड. कॉलेजच्या वाचनालयात होता. मी दोन वर्षांत एकदाही उघडला नव्हता.

‘‘मावशी, आर यू ओके?’’ भाचीनं विचारलं. मी तिला ती गोष्ट सांगितली. मराठीतच. मध्येच ती म्हणाली, ‘‘पातेरा. पातेरा.’’ दोनदा म्हणून पाहिलं. मग म्हणाली, ‘‘आवाज करतो तो. ड्राय लीव्हजचा.’’

खाली उतरून आम्ही चौकात आलो. घरासमोर एका मांजराचा ब्राँझचा पुतळा आहे, १९९७ मध्ये बसवलेला. हे जॉन्सन यांचं लाडकं मांजर, हॉज. शब्दकोशावर ऐटीत बसलंय आणि पुढ्यात कालवांचे शिंपले. त्या काळी लंडनमध्ये कालवं स्वस्त होती. हॉजसाठी कालवं आणायला जॉन्सन स्वतः बाजारात जात. नोकरांना पाठवलं तर त्यांना ते काम कमीपणाचं वाटेल आणि ते राग मांजरावर काढतील, ही त्यांना काळजी! लोक शिंपल्यात नाणी ठेवून जातात. भाचीनं एक पेनी ठेवली, मी पर्समधलं रुपयाचं नाणं. परतताना फ्लीट स्ट्रीटवरच्या दुकानात मी पाण्याची बाटली मागितली. दुकानदाराला पहिल्यांदा कळलं नाही, मी पुन्हा म्हटलं. भाची शेजारीच उभी होती.

जूनमध्ये शाळा उघडली. तो मुलगा केव्हाच चौथी पास होऊन पुढच्या शाळेत गेला होता. एका शनिवारी तो घराच्या वाटेवर भेटला. उंच झालाय. मी त्याला म्हटलं, ‘‘तुझ्या त्या निबंधातला पातेरा मी उगाच खोडला होता. तो बरोबर होता.’’ तो हसला, पायानं माती उकरत राहिला. मग म्हणाला, ‘‘बाई, आमच्याकडे आणखी लय शब्द हत. सांगू?’’ आम्ही व्हाळाच्या साकवापर्यंत बोलत गेलो. त्यातले अकरा शब्द मी घरी येऊन चिठ्ठ्यांवर लिहिले.

आता आमच्या वर्गात बुटांचा एक रिकामा खोका आहे. ज्यानं त्यानं घरी, शेतात, बाजारात ऐकलेला शब्द चिठ्ठीवर लिहून, कोणी आणि कशाबद्दल म्हटला ते खाली लिहून, त्यात टाकायचा. खोका अर्धा भरत आलाय.

भाचीचा दर रविवारी फोन येतो. पहिली पाच मिनिटं ती मराठीत मॅफल करते, मग पाच मिनिटं मी इंग्रजीत. तिचा एक प्रश्न मात्र ती दर वेळी विचारते, त्या लादीपावाच्या कडेला मराठीत काय म्हणतात? मी आमच्या मुलांना विचारलं. एकानं ‘पावाची मिठी’ असं सुचवलं, दुसरी म्हणाली ‘चिकटी’. पण ते त्यांनी तयार केलेले. कोणी खरंच वापरत असलेला शब्द अजून मिळालेला नाही. तुमच्या गावात बेकरी असेल तर पाव भाजणाऱ्या काकांना जरा विचारा. शब्द मिळाला, तर एका चिठ्ठीवर लिहून, खाली गावाचं नाव घालून, या साप्ताहिकाच्या पत्त्यावर पाठवा. मी लंडनला कळवीन.